गळ्यातली माळ ते हातातलं घड्याळ



सांगवीत, पवना आणि मुळा या दोन नद्यांच्या मधल्या आपल्या या वस्तीत, सकाळी साडेपाचला कंपनीच्या बसची वाट बघत उभ्या असलेल्या मुलींचे हात बघा. चाकणला, भोसरीला जाणाऱ्या दहाजणींमध्ये दोघी-तिघींच्या मनगटावर काळं चौकोनी घड्याळ दिसेल. ते पावलं मोजतं, झोप मोजतं, आणि आता पाळीची तारीखही सांगतं. दिवस राहण्याचा काळ कोणता, तेही सांगतो म्हणतं. आमच्या बचत गटांच्या बैठकांत गेल्या काही महिन्यांत हा विषय तीनदा निघाला. एकीला मूल हवं होतं, एकीला नको होतं, आणि तिसरीला घरच्या सत्यनारायणाची तारीख ठरवायची होती. तिघींचा प्रश्न एकच होता, या घड्याळावर भरवसा ठेवायचा का?

उत्तर देण्याआधी आम्ही थोडं मागे जाऊन वाचलं. तेव्हा कळलं की बाईच्या अंगावर काहीतरी घालायचं आणि त्यावरून तिचे दिवस ओळखायचे, ही कल्पना घड्याळाबरोबर आलेली नाही. सत्तर वर्षांपूर्वी खुद्द भारत सरकारनं ती करून पाहिली होती. आजचं बोलणं मुख्यतः त्याच गोष्टीचं आहे.

तसा दिवसांचा हिशेब आपल्या घराघरात होताच. १९७३ पासून कालनिर्णय भिंतीवर आलं, आणि दूधवाल्याचा खाडा, गॅस सिलिंडरची तारीख, भिशीचा हप्ता यांच्या शेजारी एक बारीक टिंब येऊ लागलं. ते कशाचं, हे घरातल्या पुरुषांना कळू नये म्हणून कुणी फुली करायची, कुणी नुसती तारखेखाली रेघ ओढायची. कावळा शिवला, बाहेरची झाली, अडचण आली, असे शब्द आपण वापरत होतो, पण तारीख मात्र चोख लिहीत होतो. लिहिलेल्या तारखेवरून पुढची पाळी साधारण कधी येणार हे कळायचं. मूल राहण्याचे दिवस नेमके कोणते, हे मात्र त्या टिंबावरून कळत नव्हतं, कारण ते डॉक्टरांनाच माहीत नव्हतं. एकोणिसाव्या शतकातल्या मोठमोठ्या डॉक्टरांची समजूत अशी होती की पाळीच्या आगेमागेच गर्भ राहतो आणि मधले दिवस निर्धास्त असतात. म्हणजे बरोबर उलटं.

हा उलटा हिशेब सुलटा केला जपानमधल्या क्यूसाकु ओगिनो यांनी. त्यांनी १९२४ मध्ये दाखवून दिलं की बाईच्या शरीरातलं बीज पुढची पाळी येण्याच्या १२ ते १६ दिवस आधी सुटतं. ऑस्ट्रियाचे हेरमान क्नाउस यांनीही काही वर्षांतच जवळपास तेच सांगितलं. यात एक मेख आहे, ती नीट ऐका. मोजायचं ते मागच्या पाळीपासून नाही, पुढच्या पाळीपासून उलटं. आणि पुढची पाळी तर अजून यायची असते! जिची पाळी घड्याळाच्या काट्यासारखी येते तिला अंदाज बांधता येतो. जिची कधी पंचवीस दिवसांनी, कधी अडतीस दिवसांनी येते, तिनं काय करावं? ओगिनो स्वतः ही पद्धत मूल नको असणाऱ्यांनी वापरावी या मताचे नव्हते, त्यात चुकण्याचा धोका फार आहे असं त्यांचं म्हणणं होतं. पण जगानं त्यांच्या नावानं ती त्याच कामासाठी वापरली.

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. १९२१ मध्ये मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे यांनी संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. महर्षी कर्व्यांचे हे चिरंजीव गणिताचे प्राध्यापक होते. या कामापायी त्यांना कॉलेजातली नोकरी गमवावी लागली. १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूनं वकील म्हणून उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. पुढे १९३८ मध्ये बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे रोहम यांनी मुंबईच्या कायदेमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला, तो मोठ्या फरकानं पडला. त्याच सुमाराला पुण्यात शकुंतलाबाई परांजपे यांनी हे काम हाती घेतलं आणि वर्षानुवर्षं केलं. या सगळ्या मंडळींचा भर साधनांवर होता. बाईला हातात साधन द्या आणि ते कसं वापरायचं ते सांगा, असं त्यांचं म्हणणं. आम्हाला ते आजही पटतं.

पण तेव्हा देशात दुसरं मत जास्त वजनदार होतं. डिसेंबर १९३५ मध्ये अमेरिकेच्या मार्गारेट सँगर वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटल्या. गर्भनिरोधक साधनांना गांधीजींचा सक्त विरोध होता, संयम हाच उपाय असं ते म्हणत. बोलण्याच्या ओघात त्यांनी एवढंच मान्य केलं की 'सुरक्षित दिवस' पाळण्याची रीत आपल्याला इतर साधनांइतकी खटकत नाही, कारण त्यात निदान काही दिवस तरी संयम आहे. वर्ध्यातलं ते बोलणं साधं वाटलं तरी सतरा वर्षांनी त्याच विचाराची सरकारी योजना झाली.

स्वतंत्र भारताच्या पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर गांधीजींच्या जवळच्या सहकारी. कुटुंबनियोजन हवं असं सरकारात अनेकांना वाटत होतं, पण साधनं अमृत कौर यांना मान्य नव्हती. त्यांनी जागतिक आरोग्य संघटनेकडे फक्त दिवस पाळण्याच्या पद्धतीसाठी मदत मागितली. १९५१ च्या अखेरीस अमेरिकेतले डॉ. अब्राहम स्टोन आले. दिल्लीतली लोदी कॉलनी आणि म्हैसूर राज्यातलं रामनगरम या दोन ठिकाणी १९५२ पासून प्रयोग सुरू झाला. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्या बायकांनी दिवस मोजायचे कसे? त्यासाठी स्टोन यांनी काढली मण्यांची माळ.

माळ २८ मण्यांची. पाळीच्या दिवसांचे मणी एका रंगाचे, बिनधोक दिवसांचे हिरवे, मूल राहण्याच्या दिवसांचे लाल. रोज एक मणी दोऱ्यावर पुढे सरकवायचा. हातात लाल मणी आला की त्या दिवशी लांब राहायचं. कागदावर बघितलं तर किती सोपं! आणि माळ तर आपल्या ओळखीची. जप करताना मणी ओढायची सवय घराघरात.

प्रत्यक्षात काय झालं? रात्री अंधारात लाल कुठला आणि हिरवा कुठला ते दिसेना. मग मण्यांचे आकार बदलले, काही गोल, काही चौकोनी, म्हणजे हाताला कळावेत. कुणी मणी उलट्या बाजूला सरकवले, म्हणून मणी मागे जाऊ नये अशी कडी बसवावी लागली. कुणाची माळ पोरांनी खेळायला घेतली. काहींना वाटलं, माळ गळ्यात असली की झालं, ताईतासारखी ती आपलं रक्षण करील. आणि पुष्कळ बायकांनी ती घातलीच नाही, कारण गळ्यात ती माळ दिसली की सासूपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांना कळणार, आज हिचा कोणता दिवस आहे.

हे शेवटचं कारण आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तेव्हाच्या अहवाल लिहिणाऱ्यांनी अडाणीपणावर बरंच बोट ठेवलं. आमचं मत वेगळं आहे. ज्या बाईनं ती माळ पेटीत ठेवून दिली तिला सगळं समजलं होतं. शिवाय माळेत फक्त बाईचे दिवस ओवलेले होते. लाल मण्याच्या दिवशी 'नको' म्हणायची ताकद कुठल्या मण्यात होती? नवरा ऐकणारा असेल तर माळेची गरज थोडी, आणि ऐकणारा नसेल तर माळ असून उपयोग नाही. १९५४ पर्यंत प्रयोग आटोपला आणि एवढ्यावर देशाचं कुटुंबनियोजन चालणार नाही हे दिसून आलं. पहिल्या पंचवार्षिक योजनेत कुटुंबनियोजनासाठी ६५ लाख रुपये ठेवले होते. पुढे साधनं आली, १९६८ मध्ये निरोध आला, तांबी आली, गोळ्या आल्या. (एका गोळीचं नाव माला-डी आहे, हा निव्वळ योगायोग. पण गटात कुणी 'माळ' म्हटलं की अजूनही दोघी-तिघी गोळ्यांबद्दलच बोलायला लागतात.)

माळ तरीही संपली नाही. अमेरिकेतल्या जॉर्जटाउन विद्यापीठानं २००० च्या आसपास ती नव्यानं केली, ३२ मण्यांची. आठव्या ते एकोणिसाव्या दिवसाचे मणी पांढरे, त्या दिवसांत जपायचं. या वेळी मणी सरकवायचा नाही, रबराची बारीक कडी एकेका मण्यावरून पुढे न्यायची. जिची पाळी २६ ते ३२ दिवसांनी येते फक्त तिच्यासाठीच ही माळ. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अगदी नियमानं वापरणाऱ्या शंभरजणींपैकी वर्षात साधारण पाचजणींना दिवस गेले, आणि रोजच्या धबडग्यात जमेल तशी वापरणाऱ्यांत साधारण बाराजणींना. भारतात झारखंडसारख्या ठिकाणी ती बायकांपर्यंत नेली गेली. हे आकडे लक्षात ठेवा, कारण आता घड्याळाकडे जायचंय.

घड्याळ आणि अंगठी मणी मोजत नाहीत, अंगाची ऊब मोजतात. बीज सुटल्यावर शरीरात एक संप्रेरक वाढतं आणि अंग किंचित तापतं. वाढ अगदी बारीक असते, फॅरनहाइट थर्मामीटरवर साधारण अर्धा ते एक अंश, आणि पुढची पाळी येईपर्यंत ती टिकते. पाळीच्या चक्राबरोबर बाईच्या अंगाची ऊब वरखाली होते हे पहिल्यांदा मांडणाऱ्यांत अमेरिकेच्या डॉ. मेरी पटनम जेकोबी होत्या. साल १८७६. पाळीत बाईनं काम, अभ्यास काहीच करू नये असं तेव्हाचे पुरुष डॉक्टर म्हणत होते. ते खोडण्यासाठी त्यांनी बायकांनाच प्रश्न विचारून, नाडी-तापमान मोजून निबंध लिहिला आणि हार्वर्डचं पारितोषिक मिळवलं. या जेकोबीबाई १८६४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या ज्या बायकांच्या मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या, त्याच कॉलेजातून १८८६ मध्ये आपल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. पाळीबद्दलचं खरं ज्ञान बायकांनी बायकांना विचारून मिळवलं, त्या परंपरेशी आपलं असं नातं आहे.

पुढे शंभर वर्षं बायका सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी तोंडात थर्मामीटर धरून आकडा लिहीत राहिल्या. सगळ्या नाहीत, ज्यांना सकाळची निवांत पाच मिनिटं मिळत होती त्या. घड्याळानं ते काम रात्री झोपेत करून टाकलं. मोठ्या कंपनीच्या घड्याळात २०२२ मध्ये मनगटाची ऊब मोजणारा सेन्सर आला. फिनलंडमध्ये तयार झालेली अंगठीही हेच करते.

गंमत बघा, आपल्यातल्या ज्यांच्या गोठ्यात संकरित गाई आहेत त्यांना हे नवीन नाही. गाय माजावर आली की अस्वस्थ होते, जास्त फिरते. एकवीस दिवसांचं तिचं चक्र. तो माज चुकला की तीन आठवडे गेले. म्हणून मोठ्या गोठ्यांत गाईच्या गळ्यात किंवा पायाला पट्टा बांधतात, तो तिची हालचाल मोजून मालकाच्या फोनवर निरोप पाठवतो. हे एका बैठकीत सांगितल्यावर एक आजी पटकन म्हणाल्या, "गाईचा निरोप मालकाला जातो, मग बाईचा कुणाला?" आजींनी मुद्द्यावरच हात घातला. त्याकडे येतोच, पण आधी भरवशाचं बघू.

ऊब वाढते ती बीज सुटल्यानंतर. म्हणजे घड्याळ खात्रीनं सांगतं ते होऊन गेलेलं. होणारं सांगतं तो आधीच्या महिन्यांवरून बांधलेला अंदाज. पुरुषबीज बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतं, बाईचं बीज जेमतेम एक दिवस. म्हणून मूल राहण्याचे दिवस साधारण सहा, बीज सुटतं तो दिवस आणि त्याच्या आधीचे पाच. मूल हवं असलेल्या बाईला हे दिवस अंदाजानं कळले तरी उपयोग होतो, अंदाज चुकला तर एक महिना जातो. मूल नको असलेल्या बाईसाठी चूक म्हणजे दिवस जाणं. एकच यंत्र, पण दोघींसाठी चुकीची किंमत वेगळी. त्यामुळे बहुतेक कंपन्या स्वतःच बारीक अक्षरांत लिहितात की हे गर्भनिरोधक म्हणून वापरू नका. आणि बाजारात दीड-दोन हजारांना मिळणाऱ्या बहुतेक घड्याळांत पाळीसाठी ऊब मोजली जातच नाही. तुम्ही घातलेल्या तारखांत ते सरासरी दिवस मिळवतं. ते तर कालनिर्णयही करतं.

स्वीडनमध्ये एका भौतिकशास्त्रज्ञ बाईनं सुरू केलेलं एक ॲप मात्र गर्भनिरोधक म्हणूनच विकलं जातं. त्यात रोजचं तापमान द्यायचं. अमेरिकेच्या सरकारी खात्यानं २०१८ मध्ये त्याला परवानगी दिली. त्याच वर्षी स्टॉकहोमच्या एका मोठ्या रुग्णालयानं सांगितलं की गर्भपातासाठी आलेल्या ६६८ बायकांपैकी ३७ जणी हे ॲप वापरत होत्या. मोठी ओरड झाली. सरकारी चौकशीत दिसलं की हे प्रमाण कंपनीनं आधीच सांगितलेल्या मर्यादेत बसतं, रोजच्या वापरात वर्षात शंभरात साधारण सातजणी. कंपनीला धोका जास्त स्पष्ट लिहायला लावलं. म्हणजे मण्यांच्या माळेत बारा, महागड्या ॲपमध्ये सात. सुधारणा खरी आहे, पण तांबी बसवलेल्या शंभरजणींत वर्षात एखादीलाच दिवस जातात, तेही ध्यानात असू द्या.

आता आपल्या भागाचं. मराठीत 'पाळी' या एकाच शब्दात दोन गोष्टी आहेत, महिन्याची आणि कारखान्याची. चाकणच्या लाइनवर एका आठवड्यात दिवसपाळी, दुसऱ्यात रात्रपाळी. घड्याळाचं सगळं गणित रात्रीच्या शांत झोपेवर उभं आहे. जी बाई रात्री दोनला मशीनवर उभी असते आणि सकाळी दहाला पोरांच्या गोंगाटात दोन तास पडते, तिच्या अंगाच्या उबेवरून घड्याळ काय ओळखणार? झोप मोडली, ताप आला, तान्हं अंगावर पीत असलं, पीसीओडी असलं, पाळी जायचं वय जवळ आलं, की अंदाज डळमळतो. शिवाय पुष्कळ ठिकाणी मशीनवर अंगठी, बांगडी, घड्याळ घालू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे, बोटाचा प्रश्न असतो. ही यंत्रं ज्यांना गृहीत धरून बनवली त्या बायका रात्री घरी झोपतात.

आणि आजींचा प्रश्न, निरोप कुणाला? अमेरिकेत पाळीचं एक फार लोकप्रिय ॲप होतं, बायकांनी भरलेली माहिती खासगी ठेवू असं सांगून ते ती जाहिरातवाल्या मोठ्या कंपन्यांकडे पाठवत होतं, असा ठपका तिथल्या सरकारी आयोगानं ठेवला. २०२१ मध्ये त्या कंपनीला समझोता करावा लागला. पुढच्याच वर्षी तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं गर्भपाताचा हक्क काढून घेतल्यावर हजारो बायकांनी अशी ॲप फोनवरून पुसून टाकली, न जाणो, चुकलेली पाळी आपल्याविरुद्ध पुरावा व्हायची. आपल्याकडे २०२३ मध्ये खासगी माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे. पण कायदा कंपनीला लागू होतो, घराला नाही.

बाईची पाळी ही कुणाच्या तरी धंद्याची बाब झाली की काय होतं, ते पाहायला अमेरिकेला जायची गरज नाही. बीडच्या ऊसतोड बायकांचं आपण सगळ्यांनी ऐकलंय. एक दिवसाचा खाडा झाला की मुकादम पैसे कापणार, म्हणून पाळीची कटकटच नको, असं सांगत कितीतरी बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्या. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे जी पाहणी आली त्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. तिथे घड्याळ नव्हतं, ॲप नव्हतं. उद्या एखाद्या कंपनीनं 'आरोग्यासाठी' म्हणून सगळ्या कामगार बायकांना फुकट घड्याळं वाटली, तर सही करण्याआधी विचारा, माहिती कुणाच्या कॉम्प्युटरवर जाणार, आणि नाही म्हटलं तर चालेल का.

घरातलं तर त्याहून जवळचं. आमच्या गटांतल्या निम्म्याशिम्म्या जणींचा फोन म्हणजे नवऱ्याचा जुना फोन, सिमकार्ड त्याच्या नावावर, कुलूप उघडायचा आकडा पोराला पाठ. घड्याळाचं ॲप त्याच फोनवर. बाईनं सांगायच्या आधी पाळी चुकल्याची घंटी सासूसमोर वाजते. लोदी कॉलनीतल्या बाईनं माळ पेटीत ठेवली होती. घड्याळाची माहिती पेटीत ठेवायची असेल तर फोनला स्वतःचं कुलूप लागतं, ॲपच्या घंट्या बंद कराव्या लागतात, आणि आपली माहिती पुसायची सोय कुठे आहे ते आधीच शोधून ठेवावं लागतं. घड्याळ घेऊन आलात तर हे तिन्ही आम्ही बैठकीत करून दाखवू. पाळी दोन महिने चुकली, किंवा सात-आठ दिवसांच्या वर अंगावर जात राहिलं, तर मात्र घड्याळात न बघता थेट सांगवी फाट्याच्या जिल्हा रुग्णालयात जायचं. हवी असल्यास आमच्यातली एकजण सोबत येते.

सुरुवातीला तिघींचं सांगितलं होतं. सत्यनारायणवालीला आम्ही कालनिर्णय दिलं, आणि पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर घेऊ नको, डॉक्टरांना विचार, असं बजावलं. मूल नको असलेली तांबीबद्दल विचारून आली, विचार करते आहे. मूल हवं असलेलीनं घड्याळासाठी गटाकडे चार हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलंय. कर्जाच्या नोंदवहीत 'कारण' या रकान्यात काय लिहायचं, यावर गेल्या बैठकीत बराच वेळ गेला. तिचं म्हणणं, 'घरखर्च' लिहा. ते तसंच लिहिलं आहे.